नार्व्यात राकूची आग

बेळगावहून चोर्ला घाटाने उतरणारी सकाळची बस पकडली, तेव्हा मांडीवर गोधडीत गुंडाळलेला माझा घट होता. तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला. एकदा भाजून झाला होता, आता राकू करायचं होतं. म्हणजे भांडं लालभडक असतानाच भट्टीतून बाहेर काढायचं आणि भुशात झाकायचं. हे सगळं एकटीने करायला शिकायचं, असा माझा हट्ट होता.

घाटात वळणं फार, मळमळत असेल तर पुढची जागा धरा. डिचोलीत उतरून पातळ भाजी आणि कडक उंडो पाव खाल्ला. तशी न्याहारी मला बेळगावात मिळत नाही. नार्व्याच्या बस कमी, म्हणून रिक्षा केली.

ज्यांच्याकडे मी शिकायला आले, त्या रोहिणीकाकी नार्व्यात कुंभारकाम करतात. त्यांचे यजमान विष्णूकाका मूळचे दोडामार्गाकडचे. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे, खाण थांबल्यापासून काकींना मदत करतात. पहिल्या दिवशी काकींनी मला भट्टीला हातच लावू दिला नाही. नुसती तयारी बघायची. अंगणातला पाचोळा झाडला, सिलिंडर भट्टीपासून लांब ठेवला, नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गॅस गळतो का ते पाहिलं. विष्णूकाकांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं.

“बाय, ती उद्या नको. नायलॉन अंगाक चिकटता.”

दुसऱ्या दिवशी माझा घट आणि काकींनी सरावासाठी दिलेला एक वाडगा आत ठेवून वारा उठायच्या आत भट्टी पेटवली. माझ्या अंगात जाड सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, हातात लांब चामडी मोजे, तोंडावर जाळीचं कवच. काका पाण्याचा पाइप घेऊन उभे राहिले.

“आज सगळा तूच कर,” काकी म्हणाल्या. “मी हंयसर बसतंय, पण बोलूचंय नाय.”

भांड्यांवरची झिलई वितळून ओली चमकायला लागली तसा गॅस बंद केला आणि झाकण उचललं. तो क्षण मला अजून नीट सांगता येत नाही. आत माझा घट नव्हताच, घटाच्या आकाराचा उजेड होता. काठ कुठे संपतो ते दिसत नव्हतं.

शेजारचा वाडगा आधी चिमट्याने उचलून भुशाच्या डब्यात टाकला, जाळ उसळला, झाकण ठेवलं. मग घट उचलला. तेवढ्यात वारा फिरला. डब्याचं झाकण तिरपं बसलं होतं, त्या फटीतून जाळ बाहेर येऊन कुंपणाजवळच्या वाळक्या काजूपानांकडे झुकला. घट दुसऱ्या डब्यात न्यायला चार पावलं उरली होती. चार पावलं जाऊन यावं, असं वाटलं. एक पान पेटलं.

“काका, पाणी!”

घट तिथेच वाळूत ठेवला आणि धावत जाऊन झाकण दाबून बसवलं. काकांनी पानं भिजवली. आमच्या मागे उघड्यावर झपाट्याने निवणारा घट टिंग टिंग वाजत होता. मग मोठा आवाज आला आणि तो काठापासून बुडापर्यंत दुभंगला.

मला रडू आलं. काकी उठून जवळ आल्या.

“घट मोडलो तर दुसरो होतलो. तू हाक मारलंस, ता बरां केलंस. मी पण एकटी भट्टी उघडूक नाय कधी.”

वीस मिनिटं थांबून, तोंड बाजूला धरून डबा उघडला. वाडग्यावरची काजळी घासली आणि खालून तांबडा, निळा, जांभळा रंग एकमेकांत शिरत वर आला.

“डिझेल पाण्यार सांडला काय अशेच रंग दिसतत,” काका हळूच म्हणाले.

असला वाडगा जेवायला वापरत नाहीत, तो माझ्या खिडकीत आहे. घटाचे दोन्ही तुकडेही आणले.

गेल्या रविवारी भावाच्या शेतात पहिल्यांदा स्वतःची भट्टी लावली. वहिनीला पाइप धरायला बोलावलं. तिला हा सगळा खुळेपणा वाटत होता, तसं ती म्हणालीही. मी झाकण उचललं. काही वेळाने वळून पाहिलं, तर ती भट्टीकडे बघत उभी होती आणि पाइपातलं पाणी तिच्या पायांवर पडत होतं.