सुपडाबाईंचं सकाळचं बीपी

“साहेब, डोस वधारी द्या ना. या गोळीने आईचं काहीच होत नाही,” गोरख म्हणाला आणि त्याने कॅलेंडरचं फाडलेलं पान माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर आठवडाभराचं बीपी लिहिलेलं होतं, सकाळचं आणि संध्याकाळचं.

गोरख उधन्याच्या लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारागीर. त्याची आई सुपडाबाई बाजूच्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती. इथे गुजरातेत, लिंबायतमध्ये माझा दवाखाना आहे. मी स्वतः धुळ्याकडचा आणि निम्मे पेशंटही तिकडचेच, त्यामुळे ते माझ्याशी नात्यातल्यासारखे हक्काने बोलतात. सुपडाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायच्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धाग्याऐवजी साडीच कापली जाऊ लागली, तेव्हा साड्या पाठवणाऱ्या शेठने काम बंद केलं. ऑपरेशनसाठी डोळ्यांच्या दवाखान्यातून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. कारण एकच, बीपी फार वर.

“माले दखास नही, डॉक्टर. हातले काम नही. घरमा नुसती बशी ऱ्हास,” त्या म्हणाल्या. बोलताना डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून गोळी वाढवायची नसते.

कागद नीट पाहिला. बीपीत दोन आकडे असतात. हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा वरचा, ते सैल होतं तेव्हाचा खालचा. सुपडाबाईंचा वरचा आकडा रोज सकाळी एकशे साठच्या पुढे आणि रोज संध्याकाळी एकशे तीसच्या आसपास. आता सकाळकडे बघून डोस वाढवला, तर संध्याकाळी बाई चक्कर येऊन मोरीत पडणार. आधीच त्या उठताना भिंत धरत होत्या.

“डोस वाढणार नाही,” मी म्हणालो.

“मग ऑपरेशन?”

“तेही होणार. आधी मशीन काढ.”

गोरखने पिशवीतून मशीन काढलं. लोक पहिला संशय मशीनवर घेतात, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. माझ्या मशीनवर मोजलं, मग त्याच्यावर. दोन्हींचा आकडा जवळपास सारखा आणि दोन्हींवर नॉर्मल. म्हणजे मशीन ठीक. दंडाला गुंडाळायचा पट्टा लहान असला की आकडा उगाच वाढतो, तोही मापाचा होता. गोळी रोज रात्री सून स्वतः हातावर देत होती.

“मोजण्याआधी चहा घेता?”

“नही.”

“तंबाखू?”

सुपडाबाई रागावल्या. “आमना घरमा कोनी तमाखू खात नही! गोरखले इचारा.”

गोरखनेही मान हलवली. दोघेही खरं बोलत होते, याबद्दल मला शंका नव्हती. पण पेशंटला ‘काय करता’ विचारलं की तो त्याला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगतो. म्हणून मी अशा वेळी विचारत नाही, करून दाखवायला लावतो.

“बाई, समजा आत्ता सकाळ झाली. तुम्ही झोपेतून उठलात. मशीन लावेपर्यंत काय काय करता ते करून दाखवा.”

त्या हसल्या, पण उठल्या. हवेतच गोधडीची घडी केली, चूळ भरली. मग कमरेची डबी काढल्यासारखं करून डाव्या तळहातावर काहीतरी ओतलं आणि बोट हिरड्यांवरून फिरवायला लागल्या. चांगलं निवांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे काय?”

“दात घसस. मंग मशीन लावस.”

“कशाने घासता?”

“मिसरी. दुसरं काय!”

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. शेजारच्या गुजराती बायका बजर लावतात, तोच प्रकार. हिरडीतून तिच्यातलं निकोटिन थेट रक्तात जातं, नाडी पळवतं आणि बीपी चढवतं.

“ही तंबाखूच आहे, बाई.”

“ती तमाखू थोडी शे? ती ते दात घसानी मिसरी शे.”

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. डबी कमरेला होतीच. मी म्हणालो, “लावा थोडी.” पेशंटला तंबाखू लावायला सांगणारा लिंबायतमधला मी एकटाच डॉक्टर असेन. त्यांनी खुशीत लावली. थोड्या वेळाने पुन्हा पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं आणि आकडा आला, एकशे अठ्ठावन्न.

गोरख आईकडे बघतच राहिला. “आई, डोळाना दवाखानामा बी लावेल व्हती?”

“लावेल व्हती ना. भ्या वाटे माले,” त्या हळूच म्हणाल्या.

डबी मी टेबलाच्या खणात टाकली. ती जाताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी मंगळसूत्रच काढून घेतलं. पुढचे दिवस कठीण गेले. डोकं दुखलं, घरात चिडचिड झाली, सुनेवर भांडी आपटली. मी दर दोन दिवसांनी बोलावून धीर दिला. त्यांनी तोंडात बडीशेप धरली आणि निभावलं. रोज उठल्यावर लघवीला जाऊन येणं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसणं, मग मोजणं आणि जो येईल तो आकडा लिहिणं, एवढंच काम दिलं. सकाळचा आकडा उतरला. गोळी तीच, डोस तोच. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं.

तेव्हापासून मी ‘तंबाखू खाता का’ विचारत नाही. ‘दात कशाने घासता’ विचारतो. उत्तर लगेच मिळतं.

नवा चष्मा लावून सुपडाबाई दवाखान्यात आल्या. मी त्यांचं बीपी मोजायला बसलो. त्यांची नजर माझ्या बाहीवर खिळली होती.

“हात हालाडू नका, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. मोकळ्या हाताने पिशवीतून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि माझ्या बाहीला लोंबणारा धागा कच्चकन कापला. “उद्यापासून शेठ परत साड्या धाडणार शे.”

त्यांना मोजताना बोलू नका असं सांगायचं मी त्या दिवशी विसरलो. तरी आकडा नॉर्मल आला.