खिळ्यावरचे पास

होस्टेलच्या मेसमध्ये मुलींना त्यांच्या गावाच्या नावानंच हाक मारायची रीत होती. हदगावची, देगलूरची, मुखेडची. मी औशाकडची, पण मला कुणी औशाची म्हणत नसे. मी ताई. त्या माझ्याहून चारपाच वर्षांनीच लहान होत्या, सकाळी कॉलेज आणि दुपारी क्लास करणाऱ्या. मी सातवीतून शाळा सोडलेली. भूकंपात आमचं घर पडलं, शाळेची भिंत पडली आणि आईच्या कंबरेला मार बसला. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा परत भरली तेव्हा दोघी बहिणींपैकी एकीनंच जायचं, एकीनं आईला उठवायचं-बसवायचं, असं घरात ठरलं. धाकटी शाळेत गेली. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण पुढं आई बरी झाली आणि नांदेडच्या आत्यानं मुलींच्या होस्टेलची मेस चालवायला घेऊन मला बोलावलं, तेव्हापासून मी स्वतःला नशीबवानच समजत आले. शिकणाऱ्या पोरी आपल्या हातचं जेवतात, हे काही कमी नव्हतं. फक्त एक धास्ती असायची. काही चुकलं की आत्या म्हणेल, जा परत.

मेसमध्ये खाड्याची वही होती. जिला जेवायचं नाही तिनं सकाळीच त्यात खाडा टाकायचा. तिचं ताट मग दुसरीच्या पाहुणीला देता येई, पण विकता येत नसे. आत्याचं म्हणणं असं, की "जेवणावर नफा खायचाच असंल तर मी खाईन. तुम्ही नुसतं जेवा."

मुलींनी हाच नियम खेळाच्या पासांना लावला होता. आमच्या कॉलेजचा मुलींचा खो-खोचा संघ चांगला होता आणि पोरी त्याच्यापायी वेड्या होत्या. मैदानाची गॅलरी मात्र लहान, म्हणून कॉलेज दहा रुपयांचे पास काढी आणि होस्टेलच्या प्रत्येकीला एकच मिळे. जिची त्या दिवशी क्लासची टेस्ट असेल ती आपला पास वहीशेजारच्या खिळ्याला लावायची. जिला हवा ती काढून घ्यायची आणि डब्यात दहा रुपये टाकायची. बाहेर गल्लीत पोरं हाच पास पन्नासला विकत. आमच्यातल्या एकीनंही एकदा विकला. तिला कुणी रागावलं नाही, पण आठवडाभर तिच्याकडं कुणी चटणीची वाटी सरकवली नाही. खिळा, वही आणि डबा सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. सातवी शिकलेल्या बाईवर शिकलेल्या पोरींनी एवढा भरवसा टाकावा, याचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी फायनल आली आमची आणि लातूरच्या कॉलेजची. लातूरच्या संघात माझी धाकटी होती.

हे मी मेसमध्ये कुणाला सांगितलं नाही. या म्हणतील, ताई तिकडची. आणि दुसरं, कुणी तरी नक्की विचारेल, बहीण कॉलेजात मग तुम्ही का नाही शिकलात? त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते जेवणाच्या पंगतीत देण्यासारखं नव्हतं.

धाकटीचा होस्टेलच्या फोनवर फोन आला. म्हणाली, "ताई, तिथं आमच्या बाजूनं ओरडायला कुणीच नसंल गं. नांदेडची पोरं लई बोलतात म्हणं."

"तू खेळ. बोलणारे बोलू देत," मी म्हटलं. पण ते मनात राहिलं.

फायनल रविवारी, आणि क्लासवाल्यांनी त्याच रविवारी टेस्ट लावली. शनिवारी सकाळी खिळ्यावर अकरा पास लटकत होते. दुपारी फाटकाशी एक पोरगा आला, गळ्यात हलगी.

"काकू, इथं पास मिळतेत म्हणं."

"काकू कुणाला म्हणतोस?"

"चुकलं, ताई. लातूरहून आलोय, आम्ही अकराजण. पन्नासनं घेतो सगळे."

भूकंपानंतर गावात ब्लँकेटं आली होती. एकानं घरातली जास्तीची औशाच्या बाजारात नेऊन विकली, त्याला आजही गाव त्यावरूनच ओळखतं. आमच्या आईनं, झोपल्या जागेवरून, चारातली दोन शेजारी द्यायला लावली होती. पन्नासाचा मोह मला झाला नाही, हे मी छातीला हात लावून सांगते. मोह दुसराच होता. ही अकरा माणसं माझ्या बहिणीसाठी ओरडतील.

"दहानं ने," मी म्हटलं. अकराच्या अकरा दिले. खिळ्यावरचा एक स्वतःसाठी ठेवणं मला चोरीसारखं वाटलं, म्हणून ठेवला नाही. पैसे डब्यात टाकले, आणि वाटलं, आपण नियम पाळला.

संध्याकाळी जेवताना हदगावचीनं विचारलं. खिळ्याची रीत तिनंच सुरू केली होती.

"ताई, पास कुठं गेले?"

"दिले. लातूरच्या पोरांना."

भाकरी मोडणारे हात थांबले. "केवढ्याला?"

"दहाला." मी डबा पुढं केला.

देगलूरची उसळली. "दहाला का असंना, पण लातूरला? आपल्याच गॅलरीत बसून आपल्यावर हलगी वाजवायला?"

"पासवर कुठं लिहिलंय, नांदेडनंच बसायचं?" मुखेडची म्हणाली.

"मग तू जा, त्यांच्यातच बस."

हदगावची माझ्याकडंच बघत होती. "पन्नास देत असतील ते. मग पैसे सोडले, अन् तरी लातूरलाच दिले. का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझी बहीण खेळती त्यांच्यात."

"अन् हे आज सांगून राहिल्या तुम्ही?"

"भ्या वाटलं."

तिनं डबा माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाली, "पैशाचं तुम्ही बरोबर केलं. पण आपलं माणूस मैदानात असताना खिळा आपल्या हातात ठेवायचा न्हाई. आधी सांगितलं असतं तर आम्हीच काढून दिले असते. आता दिल्यासारखं वाटंना. नेल्यासारखं वाटून राहिलंय."

ते खरं होतं. तिनं वहीच्या मागच्या पानावर तो नियम लिहिला: जिचं माणूस खेळत असेल तिनं पासांना हात लावायचा नाही. खाली माझी सही घेतली. आत्या आतून सगळं ऐकत होती. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्या कणीक जास्त मळ. पोरींचा राग जेवणावर निघतो."

रविवारी मैदानाच्या फाटकाशी मी नुसतीच उभी होते. हलगीवाला दिसला.

"ताई, आमचा एकजण रात्रीच माघारी गेला. एक पास उरलाय. द्या दहा."

"अरे, कालच तुला..."

"नियम तुमचाच हाय की."

दिले दहा. इतक्या आनंदानं मी आयुष्यात पैसे दिले नसतील.

लातूर म्हणजे नुसता अभ्यास, म्हणून आत आमची पोरं लातूरच्या मुलींना चिडवत होती, "टेस्ट बुडवून आल्या का गं?" हलगी वाजायला लागली तसा त्यांचा आवाज दबला. माझ्या पुढच्या ओळीत होस्टेलच्या मुली होत्या. धाकटी पळायला उतरली. खुंटाशी वाकून, हुलकावणी देऊन, पाठीमागच्या मुलीचा हात पोचायच्या आत वळून. देगलूरचीनं मागं बघितलं.

"हीच का?"

"हाव."

"तुमच्यावर गेली न्हाई. तुम्ही तर पोळी वाढायला पण बसत-बसत येता."

पोरी हसल्या. मीही हसले. पण धाकटी बाद होईना, तशा त्या गप्प झाल्या, आणि शेवटी हदगावचीनं नकळत टाळी वाजवली. डाव संपला तेव्हा माझी बहीण नाबाद होती. लातूर एका गुणानं हरलं.

ती कठड्याशी आली, गुडघे धुळीनं भरलेले, धाप लागलेली. "ताई, आमच्यासाठी हलगी? हे आले कसे आत?"

मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पन्नासाचंही, लपवल्याचंही, त्यांच्या तोंडावर. धाकटीचा चेहरा उतरला. आमच्या घरातली ती जुनी धास्ती तिच्यातही होतीच.

"मग आता तुला काढून टाकतील?"

"ह्यांना काढलं," देगलूरची म्हणाली, "तर सोमवारचं पिठलं कोण करणार, तू? आधी एक गुण तरी कमवून ये."