कूलरच्या हॉलमधली झोप

त्या उन्हाळ्यात दुपारी आमच्या खोलीत बसवत नव्हतं. वर पत्रा, आणि पंखा लावला की गरम वाफच तोंडावर यायची. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, सकाळीच जायचा. मागं मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या दुधनीकडच्या. चिडल्या की कानडी, एरवी मराठी.

एका दुपारी भाकरी करता करता पाहिलं, तर आत्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तरी ओ नाही. डोक्यावर पाणी ओतलं, रिक्षातून दवाखान्यात नेलं. सलाईन लावल्यावर त्या बोलायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुपारी यांना पत्र्याखाली ठेवू नका. मग कुठं ठेवू, ते मी विचारलं नाही.

वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी सांगितलं की महापालिकेनं शाळेच्या हॉलमध्ये कूलर बसवलेत, कुणीही जाऊन बसावं. दुसऱ्या दिवसापासून जायला लागलो. हॉल जवळच होता, पण प्रत्येक सावलीला आत्यांना थांबायला लागायचं.

आत सतरंज्या, पाण्याचे माठ, दोन मोठे कूलर. एका बाजूला हमाल, रिक्षावाले गाढ झोपलेले. दुसऱ्या बाजूला बायका. विड्या वळणाऱ्या काही जणी तंबाखूचं सूप घेऊन यायच्या आणि आपसांत तेलुगूत बोलायच्या. वाऱ्यानं तंबाखू उडायची, म्हणून त्या कूलरपासून लांब, कोपऱ्यात घामाघूम बसायच्या.

आत्या मात्र आडव्या होईनात. डोक्यावर पदर, पाठ ताठ. इथं कुणी बघत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, “परक्या पुरुषांसमोर पाय पसरायचे व्हय?” त्या बसलेल्या, मग मला तरी कसं झोपता येणार? मीही बसून राहायची.

रात्री निराळंच. पाणी आलं तर भरायचं, नाहीतर आत्यांच्या अंगावरचं ओलं फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. सकाळी उठल्यावर हातपाय दुसऱ्याचे वाटायचे.

अशाच एका दुपारी मी भिंतीला टेकले, आणि पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता. माझं डोकं आत्यांच्या मांडीवर. त्या पदरानं मला वारा घालत होत्या, डोकं उघडंच. दारात शिपाईमामा किल्ल्या घेऊन पायरीवर बसलेले. बंद करायला ते मघाशीच आले होते, पण आत्यांनी त्यांना थांबवलं होतं.

“माझ्यापायी रातभर जागती ती,” आत्या पुन्हा त्यांना सांगत होत्या. “जरा झोपू द्या की.”

मला लाज वाटली. घाईनं उठून मी सतरंजीची घडी करायला लागले. मामा म्हणाले, राहू दे, मी करतो.

बाहेर रस्ता अजून भाजत होता. आत्यांची मांडी अवघडली होती, म्हणून त्यांनी माझा खांदा धरला. निम्म्या वाटेवर म्हणाल्या, “उद्या मी बी पडते जरा.”

आणि खरंच पडल्या, भिंतीकडं तोंड करून, पदर चेहऱ्यावर ओढून. पुढं आम्ही पाळीनं झोपायला लागलो. शाळा उघडायच्या आधी कूलर काढून नेले, तोवर जात राहिलो. पाऊस अजून आला नव्हता. नंतरच्या साऱ्या दुपारी शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली काढल्या.