होजला लागलेलं मोगऱ्याचं तेल

रशीदभाईंनी गाडीचा निसटलेला होज — टर्बोच्या हवेची रबरी नळी — नाकाशी धरला, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. आमचे मालक चार गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावर ओरडत होते — "एवढी वर्षं काम करता आन् होजवरची एक क्लिप कसता येत नाय?" मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

चिकलठाण्याला आमचं गॅरेज; मालक म्हणजे माझा नवरा. माझं शिक्षण चौथी. पण दिवसभर तिथं बसून बघायची, नट-बोल्टचे पाने हातात द्यायची. बघायची कुणाला? रशीदभाईंना. तसा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. टर्बोची गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर टाकते — म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा वाटेत कुठंतरी निसटतेय. बाकीचे मिस्त्री सरळ टर्बोच बदला म्हणायचे. रशीदभाई नळीचं तोंड बंद करून आत हळूच हवा सोडायचे आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचे. जिथं बुडबुडा, तिथं चोर. व्हॅक्यूमची नळी चिरली असेल तर ती उलट हवा आत ओढते, बुडबुडा येत नाही. मग ते कान लावायचे. "भाभी, बांगड्या बंद!" — की मी मनगट घट्ट धरायची. सगळं गॅरेज गप्प. बारीक शिट्टी. आणि त्यांचं बोट बरोबर चिरेवर.

होज चढवताना दोन्ही तोंडं कोरड्या फडक्यानं पुसायचे. पुन्हा पुसायचे. मी म्हणायची, "काय लेकराचं नाक हाय का?" ते म्हणायचे, "वंगण राह्यलं तर सटकतं, भाभी." ऐकलं होतं ना मी? ऐकलं होतं.

शुक्रवार होता. सिल्लोडच्या एका मक्याच्या व्यापाऱ्याची गाडी, एकच होज राहिलेला. "नमाजहून आलो की बसवतो," म्हणून रशीदभाई गेले. व्यापाऱ्यासोबत म्हातारी आई, बायको, मुलगी — सगळ्यांना घाई. मला वाटलं, एवढं तर मला येतं. वाटलं कशाला — दाखवायचं होतं. होज चढेना. घट्ट बांगडी चढवताना हाताला तेल लावतात, तसं मी डोक्याचं तेल लावलं. सर्रकन चढला. क्लिप कसली. "मिस्त्रींनीच बसवला ना?" व्यापाऱ्यानं विचारलं. मी म्हणाले, "व्हय."

फुलंब्रीच्या पुढं, ट्रकला मागं टाकताना, होज सटकला. गाडीचा जोरच गेला आणि समोरून एसटी. व्यापाऱ्यानं गाडी कपाशीत घातली. म्हातारीचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. तेव्हाचा तो वास — मोगऱ्याचा. माझ्या केसांना होता तोच. रशीदभाईंनी फडकं काढलं, होज आतून पुसला, नीट पुसला, आणि म्हणाले, "शेठ, गलती माझी."

मालकांनी त्यांना काढलं. मालकांना भ्याले का मी? छे. त्यांना मी कधीच भ्याले नाही. गिऱ्हाइकं म्हणायला लागली होती, काकूंना इंजिनाचं लई कळतं — ते नाव जाईल म्हणून गप्प बसले. एवढंच.

रशीदभाईंनी जालना रोडला स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. लोक चिडवायचे, "ओ क्लिपवाले, क्लिप कसली का?" ते हसायचे — "कसली बाबा, दोनदा कसली." तरी बाकीच्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडंच जायच्या. एकदा मीही गेले. सांगायलाच गेले होते. ते बॉनेटखाली वाकलेले. मान न वळवता म्हणाले, "भाभी, बांगड्या बंद." मी मनगट धरून उभी राहिले. त्यांना चीर सापडली. मी परत आले.

रशीदभाई गेल्या वर्षी वारले, क्लिपवाले म्हणूनच. त्या गाडीतले चौघंही अजून हयात आहेत. मी आहे.