शेपटीवाल्या गोलाची उचल

आधी माफी मागते. शाळा चौथीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच राहिलं, आणि माझ्या अक्षराला ओळीवर बसायची सवय कधी लागलीच नाही. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी चुकून हाती लागलं तर राग धरू नका.

आम्ही विंझरचे. सून घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या याद्या पळतात. पडदा भरला की सगळं थांबतं आणि खाली दोन टिंबं येतात. कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय एसटी हलत नाही, तसंच. शेपटीवाल्या गोलासारखं इंग्रजी अक्षर असलेलं बटण दाबलं की ती यादी मिटते आणि पुढचं काम सुरू होतं. बनवणाऱ्यांनीच तसं ठेवलंय म्हणे.

लावणीचे दिवस आले. सुनेला चिखलात उतरायचं होतं, आणि माझे गुडघे आता चिखलात उतरत नाहीत.

"आत्या, तुमी हितं बसा. टिंबं आली की गोल दाबा. बाकी कशाला हात लावू नका."

"आन् रोज किती देशील?"

ती हसली. मी नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण घरात मी लई वस्ताद. म्हटलं, लावणीच्या माणसांना आधी उचल देतेस, मग मला का न्हाई? तिने चार दिवसांचे दोनशे रुपये आगाऊ हातावर ठेवले.

पहिल्या दिवशी मी गोल दाबत बसले. संध्याकाळी वेल्ह्याला गेले आणि त्या सगळ्या पैशांचा कलप आणला. केस काळे केले आणि डोक्यावर पदर घट्ट ओढला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी सुनेला यंत्रात एक ओळ लिहायला सांगितली. यंत्राने थांबणंच सोडलं. माझं काम गेलं.

"आत्या, दीडशे परत द्या."

"काम तू बंद केलंस. म्या तर हजर हाय."

"पैसं कुठं हायेत?"

तेवढ्यात पदर सरकला.

"अगं बया! उचल डोक्यालाच लावली व्हय!"

ही माझ्या पोराला सांगणार, पोरगा अख्ख्या आळीला सांगणार, मग मी पाण्याला कशी जाऊ?

"सांगू नगं गं. फेडते."

"कशातनं फेडणार?"

मी पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

पण दोन दिवसांनी तीच अडली. एक लांबलचक यादी तिला स्वतः वाचायची होती, आणि यंत्र थांबेना. सगळं सरसर वर पळालं, यादीचं नुसतं शेपूट उरलं. तिने ऑफिसने लिहायला लावलेली ती ओळ काढून टाकली. टिंबं परत आली. पण तिचे हात भाकरीच्या पिठात.

"आत्या, या जरा. लांब बटण दाबलं की पान पुढं जातं."

लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर. ती भाकरी थापत वाचायची, "हं" म्हणायची, मी दाबायची. एकदा तिने हं म्हटलं तरी मी दाबलं नाही.

"आत्या, दाबा की!"

"आधी बोल. संध्याकाळचे किती कापशील?"

"धा."

"आन् पोराला?"

"न्हाई सांगत. दाबा आता, भाकरी करपली!"

मग रोज भाकरीच्या वेळेला माझं बटण ठरलेलं. शेतातलं भात गुडघ्याला लागलं, माझ्या भांगात पांढरं पुन्हा डोकावलं, आणि एका संध्याकाळी तवा उतरवताना सून म्हणाली, "आत्या, फिटली तुमची उचल." दीडशेतला रुपया न् रुपया.