दामाजी तांडेल आभार मानतात

डोंबिवलीत खाडीकडच्या कोळीवाड्यात दामाजी तांडेलला लोक तोंडावर 'शेठ' म्हणत आणि पाठ वळली की 'साहेबांचा पायपोस'. होडी केव्हाच विकलेली, जाळी उंदरांनी खाल्लेली. घर चालायचं ते बायकोच्या, मंजुळाच्या मासळीवर. ह्याला काम एकच, पोलीस ठाण्याच्या शांतता समितीचा सदस्य म्हणून मिरवायचं.

समिती कशाला असते? पोलिसांचं चुकलं तर चार नागरिकांनी तोंडावर सांगावं म्हणून. इथले चार नागरिक म्हणजे चार नंदीबैल! दर गणपतीआधी बैठक, साहेबांना शाल-श्रीफळ, माना डोलवायच्या आणि घरी जायचं. शेवटी आभार मानायला दामाजीच लागायचा. वाड्यातल्या कुणाच्या पोराला पोलिसांनी बडवलं आणि बाप रडत दारात आला, तर हा पायावर पाय टाकून म्हणायचा, "पोलीस उगाच हात लावत नाहीत हो. काहीतरी केलं असेलच." मोठा शहाणा लागून गेला होता.

यंदा बैठकीआधी दामाजी साहेबांच्या केबिनमध्ये शालीचा रंग ठरवत बसलेला. पलीकडच्या खोलीत फाडकन आवाज झाला आणि कुणीतरी कळवळलं. साहेबांनी मानही वर केली नाही. दामाजी लाडात येऊन म्हणाला, "दोन ठेवून दिल्याशिवाय सुधरत नाहीत साहेब, हल्लीची पोरं."

बाहेर आला तर त्या खोलीतून कान दाबत निघालेला त्याचाच मुलगा, दर्शन! मानपाड्याला एक हवालदार भाजीवालीला आईबहिणीवरून शिव्या देत होता, त्याचा पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. एवढाच गुन्हा. हवालदारानं उचलून आणला, मोबाईल फोडला आणि कानाखाली काढली.

कानाचा पडदा फाटला. त्या कानानं पुन्हा ऐकू येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. मंजुळा तक्रार द्यायला गेली, तर उत्तर मिळालं, "साक्षीदार आण." साक्षीदार? तो तर घरात बसून बांगड्याचं कालवण ओरपत होता!

"आवाज तुमी ऐकलाव. पोराला भायेर येताना तुमी बघलाव," मंजुळा म्हणाली. "बैठकीला ठाणे शहरातनं मोठे सायब येनार. त्यांच्यासमोर येवढंच बोला."

"बोलतो गं. वेळ बघून बोलतो."

बैठकीला मंजुळा पोराला घेऊन मागच्या खुर्चीवर बसली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "पोलिसांविषयी कुणाची तक्रार? मोकळेपणानं बोला." वेळ म्हणतात ती हीच. माईक दामाजीच्या हातात होता. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "तक्रार कसली साहेब? आपल्यासारखे अधिकारी लाभले हे आमचं भाग्य. मी सर्वांच्या वतीनं आभार..."

"माजी हाय तक्रार!" मंजुळा उठली. "तुमच्या हवालदारानं माज्या पोराचा कान फोडलाय. साक्षीदार बी हितंच हाय. तो काय, माईक घेऊन हुबा."

मोठे साहेब वळले. "दामाजी, तुम्ही होतात तिथे? सांगा, घाबरू नका."

आता एवढं कोण विचारतं हो? पण इथल्या पोलीस ठाण्याचे साहेब शेजारीच बसलेले, आणि दामाजीला रोज त्यांच्या केबिनमध्ये बसायचं होतं. तो हसला, अगदी नेहमीसारखा.

"साहेब, पोरगं बाईकवरून पडलं. आईचं काळीज, दुसरं काय."

सभागृहात दोघंतिघं हसले. मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ बघितलं. दर्शनचा फुटका कान स्टेजच्या बाजूला होता. त्यानं विचारलं, "आई, बाबा काय बोलले?"

मंजुळानं आवाज खाली केला नाही. "तू बाईकवरनं पडलास म्हनतो. ऊठ बाला. कोर्टात जाऊ, पन ह्या मानसाची साक्ष नको आपल्याला."

दोघं मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. दामाजी दरवाजाकडे बघत राहिला. मग, खाली बस असं कुणी म्हणेना, म्हणून त्यानं उरलेले आभार मानले, मांडववाल्याचे, चहावाल्याचे, आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या त्या हवालदाराचेसुद्धा.