ड्रायव्हरचा भत्ता

हे मी दोन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पूजेला बसल्यावर देवालाही नाही. आता सांगायलाच बसलो आहे, तर आधी नोंद नीट देतो, मला तशीच सवय आहे. दिवस — दोन वर्षांपूर्वीच्या बसवजयंतीनंतरचा. रक्कम — पाचशे रुपये, अर्जाचं शुल्क, परत न मिळणारं. हजर — मी, माझी बायको सुनंदा आणि माझा मोठा भाऊ अण्णा. पैसे अण्णानं भरले, त्याच्या मोबाइलवरून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.

कसला अर्ज? सांगतो. हसलात तरी चालेल, आमच्या गल्लीत सगळे हसले. पुण्यातल्या एका विद्यापीठात कथालेखन शिकवतात. एम.ए.ची पदवी देतात, दोन वर्षांची, वर्ग शनिवार-रविवारी. मी तेव्हा एकावन्न वर्षांचा. गेवराईत हायवेला आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. अण्णा गिऱ्हाइकांशी बोलतो, मी हिशोब बघतो, तीस वर्षं असंच चाललंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी कथा लिहायचो. तीन छापूनही आल्या होत्या. ती जाहिरात सुनंदानंच शोधून काढली. मी म्हणालो, या वयात? ती म्हणाली, "त्यांनी वयाची अट ठेवली न्हाई, मग तुमी कावून ठेवता?"

अर्जाला एक कथा जोडायची होती. ती माझी स्वतःची होती, तिच्यात काही खोट नाही. पण सोबत एक निवेदन मागितलं होतं — आठशे शब्द. तुम्ही का लिहिता? तुम्हाला लिहायला भाग पाडणारा अनुभव कोणता?

मी चार दिवस त्या प्रश्नासमोर बसून होतो. अनुभव कोणता? खरं सांगायचं तर माझ्यावर काहीच कोसळलेलं नव्हतं. दुकान बरं चाललं होतं. मुलगी नांदेडला शिकत होती. घरात कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. आता तुम्हीच सांगा — बीड जिल्ह्यातून अर्ज येतो आणि त्यात माणूस लिहितो की माझं उत्तम चाललंय, अशा माणसाला पुण्याची माणसं घेतील? मला वाटलं, नाही घेणार. आमच्याकडून त्यांना दुःखच हवं असणार. आता ते मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझं मीच धरून चाललो होतो.

मी असा माणूस आहे की खिळ्यांच्या पेटीत पावशेर कमी भरलं तर व्यापाऱ्याला फोन लावतो. गिऱ्हाइकाचे दोन रुपये जास्त आले तर त्याच्या घरी पोचते करतो. गावात माझी तशी ओळख आहे, आणि तिचा मला अभिमानही आहे. म्हणून पुढचं लिहायला हात जड होतोय —

मी निवेदनात अण्णाला मारलं.

हायवेवर, वाळूच्या ट्रकखाली. दहा वर्षांपूर्वी मारलं. तो गेला म्हणून मी लिहू लागलो, असं लिहिलं. त्याची चप्पल रस्त्याच्या कडेला पडली होती, असंही लिहिलं. शेवटी चिता पेटवली. ज्वाळांच्या उजेडात मला पहिलं वाक्य सुचलं, असं लिहून निवेदन संपवलं. शब्द मोजले, सातशे अठ्ठ्याण्णव भरले. लिहिताना मला खरंच रडू आलं. सुनंदानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, डोळ्यांत काहीतरी गेलंय. आणि मग ज्याला मारलं त्यालाच हाक मारली — अण्णा, पाचशे रुपये भरायचेत, माझ्या मोबाइलवरून होईनात.

जूनमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. अण्णा पेढे घेऊन आला. म्हणाला, "एसटीनं जाऊन घामाघूम होऊन बसशील त्यांच्याम्होरं. मी सोडतो गाडीनं." नको म्हणायला मी कारण शोधत राहिलो, आणि तो पहाटे गाडी पुसून तयार.

आतमध्ये तिघेजण होते. मुख्य ज्या होत्या, त्या साठीच्या मॅडम, शांत आवाजाच्या. त्यांनी माझ्या कथेविषयी थोडंच विचारलं. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, तुमच्या भावाबद्दल वाचताना मला थांबावं लागलं. शेजारच्या सरांनी हळूच विचारलं, काय वय होतं हो त्यांचं? मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस वर्षं सात महिने." हिशोबाचा माणूस ना — खोटंसुद्धा महिन्यापर्यंत जुळवून ठेवलं होतं.

मॅडम मला दारापर्यंत सोडायला आल्या. एवढा मान त्या मला मेलेल्या भावामुळे देत होत्या. आणि बाहेर बाकावर तो बसला होता. कपाळाला भस्म, नेहरू शर्टावर वाटेत खाल्लेल्या दशमीचे कण, हातात रुमाल आणि रुमालात शेंगांची टरफलं. विद्यापीठात कचरा नको म्हणून गोळा केलेली. मला बघताच उठला. "काय झालं रं शिवा?"

मॅडमनी विचारलं, हे कोण?

मी म्हणालो, "आमचे ड्रायव्हर."

इथं जरा थांबतो. चुलतभाऊ म्हणता आलं असतं. शेजारी म्हणता आलं असतं, मित्र म्हणता आलं असतं. खोटं झाकायला यातला कुठलाही शब्द पुरला असता. मग नेमका तोच का आला? त्या शब्दाचा निवेदनाशी काही संबंध नव्हता. तो त्या टरफलांचा होता, दशमीच्या कणांचा होता, मॅडमच्या इस्त्रीच्या साडीचा होता. कागदावर मी अण्णाला मारलं ते हावरेपणानं. तोंडावर ड्रायव्हर केलं ते मला त्याची लाज वाटली म्हणून. या दोन्हीतलं दुसरं मोठं आहे. हे कळायला मला गाडीपर्यंतची वाट पुरली.

अण्णानं टरफलांचा रुमाल खिशात घातला. मग म्हणाला, "हाव मॅडम. गेवराईहून आणलं सायबाला. काम झालं न्हवं?" आणि माझ्यापुढं चालायला लागला. गाडीचं मागचं दार उघडून धरलं. "बसा साहेब."

मी बसलो. तेही लिहून ठेवतो — मी मागं बसलो. नगरला चहाला थांबलो, तर अण्णा दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "डायवर लोकांचं टेबल इकडं हाय, साहेब. बिल तिकडंच द्या!" हॉटेलातले सगळे बघायला लागले. गेवराईत उतरताना म्हणाला, "भत्ता ऱ्हायला बरं का." घरी त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी शिवा राहिलो नाही, साहेब झालो. "साहेब, वीस गोण्या लिहा." "साहेब, भत्त्याचं काय झालं?" गिऱ्हाइकांना वाटायचं, भाऊ शिकायला लागला म्हणून कौतुक चाललंय. मी हसायचो. त्याला ड्रायव्हरचं ठाऊक होतं. ट्रकचं नव्हतं.

मला घेतलं. दोन वर्षं शनिवारी पहाटेच्या गाडीनं गेलो, मुलीच्या वयाच्या पोरांत बसलो, लई मजा केली. खोटं कशाला बोलू? तिथं मी आनंदात होतो. वर्गात एकदा मॅडमनी माझं निवेदन नव्या मुलांना नमुना म्हणून वाचून दाखवलं. मी खाली बघत राहिलो. सगळ्यांना वाटलं, भावाच्या आठवणीनं.

मग यंदा पदवीदान समारंभ ठरला. दोन पाहुण्यांना परवानगी होती. घरी मी सांगितलं, एकालाच आहे. अण्णा म्हणाला, "मग सुनंदा जाईल. बरोबर हाय." मी सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याचा पोरगा दुकानात पिशवी घेऊन आला. आत नवा नेहरू शर्ट, पांढराशुभ्र. पुण्यासाठी शिवायला टाकलेला. अण्णानं तो न उलगडताच कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "असू दे, लग्नकार्यात व्हईल."

त्या पिशवीकडं मी दुपारपर्यंत बघितलं. मग सिमेंटच्या गोण्यांवर त्याच्या शेजारी बसून सगळं सांगून टाकलं, न थांबता.

अण्णानं वळून माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "कशानं मेलो म्हणलास?"

"वाळूच्या ट्रकनं."

"नंबर घेतला का गाडीचा?" आणि तो हसायला लागला. पोट धरून हसला. मलाही हसू फुटलं. वाटलं, मिटलं. डोळे पुसत त्यानं विचारलं, "बरं, मातीला कोण कोण आलतं?"

मी म्हणालो, "माती नाही लिहिली. जाळलं."

त्याचं हसू गेलं. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवतात, लिंग हातात देतात आणि माती देतात. मला हे ठाऊक नव्हतं का? पण आठशे शब्दांत ज्वाळा शोभत होत्या.

"जाळलंस?" तो उभा राहिला. "आज्याला बसवलं, बापाला बसवलं — बापाच्या मातीला तू माझा हात धरून उभा व्हतास बे. आन मला एकट्याला जाळलंस? त्या लोकांला बरं वाटावं म्हणून?"

मरण त्यानं माफ केलं होतं. ड्रायव्हर केलेलं हसण्यावारी नेलं होतं. पण हे नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, साहेबसुद्धा म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून गाडीजवळ उभा. "चल. त्या बाईला सांगून यायचं. पदवी दिऊ देत न्हाईतर न दिऊ देत."

मॅडमच्या खोलीत मी उभ्यानंच म्हणालो, "हे माझे मोठे भाऊ. अर्जात मी यांना मारलं होतं, आणि इथं बाहेर, तुमच्यासमोर, ड्रायव्हर म्हटलं होतं." अण्णानं हात जोडले. "जित्ता हाय मॅडम. आन मेलो तर मातीत बसणार हाय, तेवढं दुरुस्त करून घ्या."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पदवी तुमच्या कथांना आहे, ती मी अडवणार नाही. पण ते निवेदन मी मुलांना वाचून दाखवलं आहे. आता जे खरं आहे ते लिहून द्या, तेही मी वाचून दाखवीन.

तेच हे. दिलं आहे.

येताना मी पुढं बसलो. नगरला एकाच टेबलावर चहा घेतला आणि मी खिशातून पाचशेची नोट काढून अण्णापुढं ठेवली. म्हणालो, दोन वर्षांचा राहिलेला भत्ता. त्यानं ती उचलली, माझ्याकडं एकदा बघितलं, मग नोट उजेडाकडं धरून उलटसुलट केली, खरी आहे का ते पाहिलं, आणि नव्या शर्टाच्या खिशात घातली.